अंगणवाडीचा उंबरठा

एकात्मिक बालविकास सेवा योजनेला २ ऑक्टोबर २०२५ रोजी पन्नास वर्षे पूर्ण झाली. १९७५ साली देशातील अवघ्या ३३ प्रकल्पांत तिचा आरंभ झाला. वऱ्हाडच्या दृष्टीने विशेष हे, की अमरावती जिल्ह्यातील धारणी हा त्या पहिल्या प्रकल्पांपैकी एक होता. आज खेडोपाडी अंगणवाडी आहे. तिथे मुलांचे वजन होते, लसीकरणाच्या नोंदी होतात, खिचडी शिजते. सरकारी योजनेवर टीका करणे ही आपल्याकडे सर्वांत सोपी गोष्ट आहे, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे, की ज्या थोड्या योजनांनी गरिबाच्या घरापर्यंत खरोखर वाट काढली त्यांत ही एक आहे. प्रश्न निराळा आहे. ही वाट ज्या मुलापर्यंत पोहोचली ते मूल अंगणवाडीत येऊन बसल्यावर तिथे कितपत सामावते? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर बुलढाणा जिल्ह्याएवढे बोलके ठिकाण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

आधी ‘अंगणवाडी’ या शब्दाकडे वळू. तो दिल्लीच्या कुठल्या कचेरीत घडलेला नाही, तो मराठी आहे. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. (ताराबाईंचे वऱ्हाडशी नाते होते, विवाहानंतर काही वर्षे त्या अमरावतीस राहिल्या होत्या.) बोर्डीच्या बालवाडीत गावातली मुले येत, पण त्या काळी ज्या वस्तीला हरिजनवाडा म्हणत तेथली मुले येईनात. मुले येत नाहीत याचा दोष ताराबाईंनी मुलांवर किंवा त्यांच्या आईबापांवर टाकला नाही. त्या आणि अनुताई वाघ वाड्यात गेल्या, आणि तिथल्याच एका अंगणात बालवाडी भरू लागली. ती अंगणवाडी. पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम सुरू झाले, तेव्हा गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात गेली. तिला कुरणशाळा म्हणत. माँटेसोरीची महागडी साधने परवडण्यासारखी नव्हती. त्यांची जागा दगड, शिंपले, पाने आणि बिया यांनी घेतली. मुलाने शाळेसारखे व्हावे असा आग्रह न धरता शाळेने मुलाच्या परिसरासारखे व्हावे, हा त्या साऱ्या उद्योगाचा गाभा होता. ‘समावेशन’ हा जड शब्द तेव्हा कोणी वापरत नव्हते, गोष्ट मात्र तीच होती.

शासनाने पुढे हा शब्द उचलला आणि देशभर नेला. पण शब्दाबरोबर त्याच्यामागची दृष्टीही गेली काय?

बुलढाण्याचा माणूस आपल्या जिल्ह्याचे दोन भाग करतो: घाटावरचा आणि घाटाखालचा. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा घाटावर. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर पूर्णेच्या खोऱ्यात, घाटाखाली. या बोलण्यात एक तिसरा भाग राहून जातो. पूर्णेच्याही पलीकडे, जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जळगाव जामोद आणि संग्रामपूर या तालुक्यांत सातपुडा आहे. त्याच्या पायथ्याशी आणि डोंगरावर कोरकू, निहाल, भिल्ल, भिलाला, पावरा आणि बारेला यांची वस्ती आहे. एका जिल्ह्यातील अंगणवाडीच्या वयाच्या मुलांच्या तोंडी किती भाषा असाव्यात? गावोगावी वऱ्हाडी, घाटावरच्या तांड्यांत गोरमाटी, खामगाव-मलकापूरच्या मोहल्ल्यांत उर्दू, डोंगरात बारेली आणि कोरकू. शिवाय निहाली. पुस्तकी मराठी यांतल्या फार थोड्या मुलांच्या घरी बोलली जाते. वऱ्हाडी घरातले मूलही तिच्याशी थोडे अडखळूनच ओळख करून घेते, हे आपण वऱ्हाडातले लोक सोयीस्करपणे विसरतो.

निहालीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे. कोरकू ही मुंडा कुळातली, म्हणजे छोटा नागपूरच्या संथाळी-मुंडारीची दूरची बहीण. निहाली मात्र कोणाचीच बहीण नाही. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मुंडा आणि द्राविडी भाषांचा खंड १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तिला कोरकूच्या आश्रयाला बसविले होते. पुढे १९६२ साली कायपर या डच पंडिताने तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कोरकू, मराठी, द्राविडी असे उसने शब्द बाजूला काढल्यावरही तिच्यात शब्दांचा एक मोठा साठा उरतो, आणि त्याचे मूळ कोणत्याही ज्ञात भाषाकुळात सापडत नाही. तिच्या प्राचीनत्वाविषयी तर्क झाले, ती मुद्दाम बनविलेली गुप्त बोली असावी अशीही शंका घेतली गेली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील अभ्यासकांनी अलीकडच्या काळात तिची नोंद पद्धतशीरपणे केली आहे. बोलणारे दोन-अडीच हजार असावेत असा अंदाज आहे, आणि त्यांतले बरेचसे जळगाव जामोदच्या परिसरात व शेजारच्या निमाडात राहतात. जगातल्या भाषाशास्त्राच्या ग्रंथांत बुलढाणा जिल्ह्याचे नाव येते ते सरोवरासाठी नव्हे, या भाषेसाठी.

आणि सरकारदप्तरी? अनुसूचित जमातींच्या यादीत निहाल ही स्वतंत्र नोंद नाही. कोरकूच्या नोंदीखाली बोपची, मवासी यांच्या रांगेत ते नाव येते. १९७१पासून जनगणनेत दहा हजारांहून कमी लोक बोलतात अशा भाषांची नावे छापली जात नाहीत, त्यामुळे भाषांच्या यादीतही निहाली नाही. यादीत नसलेल्या भाषेसाठी तजवीज कोण करणार?

तीन वर्षांची एक मुलगी डोळ्यांसमोर आणावी. तिला तहान लागली आहे. पाण्याला निहाली ‘जोप्पो’ म्हणते, कोरकू ‘डा’ म्हणते आणि सेविका ‘पाणी’ म्हणते. मोठा माणूस खुणेने भागवील. तीन वर्षांचे मूल गप्प बसेल. आणि गप्प बसलेल्या मुलाची नोंद कशी होते? ‘बुजरे’, ‘मंद’, ‘प्रतिसाद देत नाही’. मुलाला ऐकू येत नाही की कानावर पडणारी भाषा कळत नाही, त्याची समज मागे आहे की शब्द परके आहेत, हा भेद त्याची बोली न जाणणाऱ्याला करता येणे फार अवघड आहे. भाषेचा प्रश्न आणि दिव्यांग मुलांचा प्रश्न आपण दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवतो, पण अंगणवाडीच्या उंबरठ्यावर ते एकमेकांत मिसळतात. निरोगी मूल मंद ठरते, आणि ज्याला खरोखर कमी ऐकू येते त्याचे मौन ‘आदिवासी आहे, बुजते’ म्हणून वर्षानुवर्षे खपून जाते. दुसरी चूक अधिक भयंकर आहे, कारण ऐकू न येण्यावर इलाज पहिल्या दोन-तीन वर्षांतच उत्तम होतो.

यासाठी यंत्रणा नाही असे नव्हे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला, म्हणजे ताराबाई-अनुताईंच्या मुलखातच. त्यातील वैद्यकीय पथकांनी वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुले तपासावीत अशी योजना आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर केली. व्यंग लवकर ओळखावे, मुलाला इतर मुलांतच बसवावे, कुटुंबाला आधार द्यावा, असे तिचे साधारण स्वरूप आहे. हे सारे उत्तम आहे. परंतु वर्षातून दोनदा येणारे पथक जे काही पाहते त्याच्यामागे रोज पाहणाऱ्या सेविकेचे निरीक्षण असावे लागते, आणि ते निरीक्षण भाषेपाशी अडते.

कायद्याची स्थिती याहून विचित्र आहे. घटनेच्या मूळ ४५व्या कलमाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांना मोफत शिक्षण देण्याचे ध्येय राज्यापुढे ठेवले होते. त्याला खालची वयोमर्यादा नव्हती. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, पण सहा ते चौदा वयापुरता. सहा वर्षांखालील मुलांसाठी राज्याने ‘प्रयत्न करावा’ एवढेच उरले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था शासन ‘करू शकेल’ असे म्हटले, ‘करील’ असे म्हटले नाही. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते अठरा या वयात मिळतो. ज्या वयात मेंदूची आणि भाषेची वाढ सर्वांत वेगाने होते, नेमके तेच वय हक्काच्या बाहेर राहिले. मातृभाषेतून शिक्षणाची सोय करावी असे सांगणारे ३५०-अ हे कलमसुद्धा प्राथमिक अवस्थेपासून बोलू लागते. हिऱ्याला पैलू पाडण्याचा हक्क मिळाला, पण तो खाणीतून काढण्याचा नाही, असा हा प्रकार.

त्यात बुलढाण्याच्या सातपुड्याचे दुर्दैव आणखी एक आहे. पूर्वेला मेळघाट अनुसूचित क्षेत्रात, पश्चिमेला जळगाव जिल्ह्यातील यावल-रावेरकडचा सातपुडाही अनुसूचित क्षेत्रात. १९८५ च्या आदेशाने महाराष्ट्रातील जी क्षेत्रे ठरली त्यांत बुलढाणा जिल्हा नाही. डोंगर तोच, माणसे तीच, परंतु जिल्ह्याची हद्द बदलली की पेसा कायदा थांबतो. १९९३ मध्ये मेळघाटातील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला आणि शासनाचे लक्ष तिकडे गेले. ते अजूनही तिकडेच असते, आणि ते योग्यही आहे. पण मेळघाटाच्या पश्चिमेला त्याच रांगेत मुले आहेत, हे मुंबईला कोणी सांगावे? संख्येने ती थोडी आहेत आणि उपद्रव देत नाहीत.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला, की आधी पोट, मग भाषा. हा आक्षेप वरवर कळवळ्याचा वाटतो. परंतु जे मूल अंगणवाडीत रमत नाही ते तिथे जाण्याचे टाळते, आणि जे जात नाही त्याच्या पोटात ती खिचडी जात नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आईबापांनाच मराठी हवी आहे. हे अगदी खरे आहे आणि त्यांना ती मिळालीच पाहिजे. बाजार, कचेरी, दवाखाना, सगळे मराठीत आहे. प्रश्न मराठी केव्हा आणि कोणत्या पुलावरून, एवढाच आहे. युनेस्कोच्या तज्ज्ञांनी १९५३ मध्येच मातृभाषेतून आरंभ करावा असे सांगून ठेवले. ओडिशाने २००६-०७ च्या सुमारास सावरा, जुआंग अशा दहा आदिवासी भाषांतून प्राथमिक वर्गांचे शिक्षण सुरू केले आणि पुढे ती दृष्टी अंगणवाडीपर्यंत नेली. सावरा आणि जुआंग या कोरकूच्याच कुळातल्या. न्यूझीलंडात माओरी लोकांनी १९८२ मध्ये याहून साधा मार्ग काढला. मुले शाळेत जाण्यापूर्वी आजी-आजोबांच्या सहवासात बसतील आणि त्यांचीच भाषा ऐकतील, अशा बालशाळा त्यांनी काढल्या. त्यांना ते ‘भाषेची घरटी’ म्हणतात. त्यासाठी पदवीधर आजी शोधाव्या लागल्या नाहीत.

आपल्याकडे नेमके हेच आडवे येते. अंगणवाडीत निम्म्याहून अधिक मुले मराठीखेरीज दुसरी भाषा बोलणारी असतील तर ती भाषा जाणणारी सेविका नेमावी, असा नियम भरतीच्या जाहिरातींत असतो, आणि उर्दू, गोंडी, पावरा, कोरकू, बंजारा अशी नावेही असतात. निहालीची गणना ‘इत्यादी’त होते, आणि मिश्र वस्तीत निहाल मुले निम्मी भरणे कठीण. त्यावर आता सेविका आणि मदतनीस या दोघींनाही बारावी उत्तीर्णतेची अट आहे. शिक्षणाची अट वाईट नाही, पण सातपुड्यातील पाड्यावर बारावी झालेली निहाल स्त्री मिळेपर्यंत वाट पाहावी तर तिची होऊ शकली असती अशी विद्यार्थिनी अंगणवाडीतच मुकी बसलेली असते.

यात सेविकेला दोषी धरणे अन्यायाचे होईल. सर्वेक्षण, पोषणाच्या नोंदी, शिबिरे यांखाली ती दबली आहे; मानधन घेते, वेतन नव्हे; आणि ती उपदानास पात्र आहे हे ठरायलाही सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निर्णय यावा लागला. २०२१ साली महाराष्ट्रातील सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले. पोषण ट्रॅकर हे ॲप मराठीत नाही, ही त्यांची एक ठळक तक्रार होती. आपल्याला न कळणाऱ्या भाषेत काम लादले की शहाण्या बाईलाही अडाणी ठरल्यासारखे वाटते, हे त्यांनी ठणकावून सांगितले, आणि ते रास्त होते. तीन वर्षांच्या निहाल मुलीला एवढेच म्हणता येत नाही.

वस्ती लहान म्हणून अंगणवाडी नाही, ही सबबही आता चालण्यासारखी नाही. सहा वर्षांखालील चाळीस मुले असतील आणि गावाने मागणी केली तर तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्येच बजावले आहे. मागणी करणारा कोणी असला पाहिजे, इतकेच.

दिल्ली-मुंबईच्या धोरणाची वाट न पाहता बुलढाण्याच्या जिल्हा परिषदेला करता येण्यासारखी एक गोष्ट आहे. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतील प्रत्येक अंगणवाडीत येणारे प्रत्येक मूल घरी कोणती भाषा बोलते, याची यादी सेविकांकडून मागवावी. पर्यवेक्षिकांनी मनावर घेतले तर काम आठवड्याभराचे आहे. त्या यादीवरून ठरवावे, की कोणत्या पाड्यावर शिक्षणाची अट न लावता एखाद्या आजीला दिवसाचे दोन तास अंगणवाडीत बसण्यासाठी मानधन द्यायचे. तिने गोष्टी सांगाव्यात, मुलाला पाणी कोणत्या शब्दाने मागतात ते सेविकेला शिकवावे, आणि आरोग्य पथक येईल त्या दिवशी मुलाशेजारी बसावे. खर्च मामुली आहे. पहिली अंगणवाडी ज्या अंगणात भरली तिथे याहून अधिक काही नव्हते.