कोचावरची भिंत

दिवाणखान्यातील कोचाच्या वर भिंतीवर काय टांगावे, हा विषय हक्कांची चर्चा करणाऱ्या या पानांत यावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. ज्या समाजापुढे शिक्षणाचे, जमिनीचे आणि नोकऱ्यांचे प्रश्न आ वासून उभे आहेत त्याने तसबिरींची उठाठेव कशाला करावी? परंतु गेल्या महिन्यात एका स्नेह्यांच्या नव्या सदनिकेत परित्राणपाठास गेलो असता जे पाहिले, त्याने हा प्रश्न मला क्षुल्लक वाटेनासा झाला.

स्नेही बँकेत अधिकारी आहेत. त्यांचे वडील गिरणी कामगार, बी. डी. डी. चाळीतील एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत त्यांचा संसार झाला. त्या खोलीत कोच नव्हता, दिवाणखाना नव्हता. पण दारातून आत पाऊल टाकताच बाबासाहेबांची तसबीर दिसे. आज मुलाच्या घरी सहा फुटी कोच आहे आणि त्याच्यावर करड्या व पिवळ्या फटकाऱ्यांच्या तीन चौकटी आहेत. कोपऱ्यातील तिपाईवर भगवान बुद्धांचे नुसते मस्तक आहे, मानेपासून खाली काही नाही. वडिलांची तसबीर आतल्या खोलीत, कपाट आणि दार यांच्या मध्ये. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "वकीलसाहेब, सजावटकार म्हणाला, त्या तसबिरीने रंगसंगती बिघडते."

रंगसंगतीचा प्रश्न प्रथम निकालात काढू. कोचावर चित्र लावण्याचे काही सर्वमान्य संकेत आहेत. चित्रांची एकूण रुंदी कोचाच्या सुमारे दोन तृतीयांश असावी. म्हणजे सहा फुटी कोचावर चार फूट. चौकटीची खालची कड कोचाच्या पाठीपासून सहा ते आठ इंच वर असावी. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे सत्तावन्न इंचांवर, उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीला यावा. पुष्कळ संग्रहालये हाच संकेत पाळतात. यांपैकी एकही संकेत बाबासाहेबांच्या तसबिरीने मोडत नाही. मध्ये ती ठेवावी, एका बाजूस राज्यघटनेच्या उद्देशपत्रिकेचे पान आणि दुसऱ्या बाजूस सांचीच्या शिल्पाचे छायाचित्र लावावे. मूळ घटनाप्रतीतील उद्देशपत्रिकेचे पान प्रेमबिहारी रायजादांच्या हस्ताक्षरातील आहे आणि त्याची सजावट ब्योहार राममनोहर सिन्हा यांची आहे. सांचीच्या तोरणांवरील शिल्पकारांनी बुद्धांची मानवी आकृती कोरलीच नाही. बोधिवृक्ष, रिकामे आसन आणि पदचिन्हे यांवरच त्यांनी सारे सांगितले. अभिरुचीला याहून अधिक काय हवे? रंग जुळत नसतील तर कोचाचा अभ्रा बदलता येतो.

तेव्हा अडचण रंगांची नाही. "शेजारी काय म्हणतील, सोसायटीतली माणसे काय म्हणतील, मुलांचे मित्र काय म्हणतील," हे खरे कारण स्नेह्यांनी चहाच्या वेळी हळू आवाजात सांगितले.

येथे मी भाडेकरूला आणि घरमालकाला एका मापाने मोजणार नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने भिंत कोरी ठेवली तर मी त्याला दोष देत नाही. आपले कायदे तेथे अपुरे आहेत. घटनेच्या १५ व्या कलमाचा पहिला खंड राज्यसंस्थेवर बंधन घालतो, खासगी घरमालकावर नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेने आपले सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली पारशी संस्थेच्या प्रकरणात वैध ठरविले. १७ वे कलम खासगी व्यक्तीविरुद्धही चालते हे खरे. पण अकरा महिन्यांच्या कराराचा भाडेकरू ते कलम घेऊन न्यायालयाची पायरी केव्हा चढणार?

माझे स्नेही भाडेकरू नाहीत. खरेदीखत त्यांच्या नावे नोंदलेले आहे, भागदाखला त्यांच्या कपाटात आहे. योगायोग असा की, तसबिरीच्या शेजारच्याच कपाटात. अनुसूचित जातीतील माणसावर इतरांनी सामाजिक बहिष्कार टाकणे किंवा त्याची धमकी देणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने गुन्हा झाला आहे आणि १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धही त्या संज्ञेत येतात. ज्याला कायद्याने एवढे संरक्षण दिले तो स्वतःच्या भिंतीला भितो! शेजाऱ्याने अद्याप तोंडही उघडलेले नाही. निकाल आपणच आपल्याविरुद्ध लिहून ठेवला आहे.

दुसऱ्या टोकाचे आपले बांधवही येथे सुटू नयेत. ते तसबीर छताला भिडवतात, तिला हार आणि रंगीत दिव्यांची माळ घालतात आणि पुन्हा मान वर करून पाहत नाहीत. राजकारणातील विभूतिपूजेचा शेवट हुकूमशाहीत होतो, असा इशारा ज्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला त्यांनाच आपण देव्हाऱ्यात बसवीत आहोत. सत्तावन्न इंचांचा संकेत मला म्हणून आवडतो. तेथे माणूस माणसाच्या नजरेला नजर देतो.

आणखी एक गोष्ट स्नेह्यांना सांगितली. पाहुणा कोचावर बसतो तेव्हा तसबीर त्याच्या पाठीशी असते. ती त्याला दारातून येताना क्षणभर दिसते, एवढेच. समोरच्या खुर्चीत बसणाऱ्या यजमानाला मात्र ती सारा वेळ दिसते. ते काही बोलले नाहीत. त्यांच्या वृद्ध मातोश्री तेवढ्या म्हणाल्या, "वकीलदादा, मी आतच बसते. तिथं साहेब आहेत."

निघताना भिंतीवरच्या मधल्या चौकटीला मी सहज हात लावून पाहिला. खिळा चांगला मजबूत आहे. वडिलांची तसबीर तो सहज पेलेल.