चाक विजेचे, जीव कोणाचा?

कुंभाराच्या चाकाला वीज लागली, हे चांगलेच झाले. काठीने चाक फिरवून खांदे निकामी करून घेणे यात कसली आली कला? खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने २०१८ मध्ये कुंभार सशक्तीकरण योजना सुरू करून विजेची चाके वाटली, त्याचे आम्ही स्वागतच करतो. यंत्र माणसाला फुरसत देते, अशी बाबासाहेबांची भूमिका होती. प्रश्न यंत्राचा नाहीच. प्रश्न आहे, त्या यंत्राजवळ कोणाचा हात आहे आणि त्या हाताची किंमत कोण धरतो, हा.

अलीकडेच आम्ही शहरातील एका मातीकामाच्या कार्यशाळेत गेलो होतो. पुढच्या खोलीत विजेच्या चाकांवर शिकाऊ मंडळी भांडी घडवत होती. फी भरून आलेली, हसतखेळत काम करणारी. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आपल्याच वस्तीतले दोन पोरगे होते. एक माती मळण्याच्या यंत्रात, म्हणजे पगमिलमध्ये, हाताने गोळे दाबत होता. दुसरा ग्राइंडरने भट्टीतल्या पाट्यांवर चिकटलेले ग्लेज घासत होता. डोळ्यांवर चष्मा नाही, तोंडाला रुमाल. संध्याकाळी झाडू मारायचे कामही त्याच दोघांचे! पुढच्या खोलीत कला आणि मागच्या शेडमध्ये धूळ, ही वाटणी आम्हाला नवी नाही.

मालकाला विचारले. ते म्हणाले, "मी रोज सांगतो, सांभाळून करा म्हणून." सांगणे म्हणजे सुरक्षा नव्हे. पगमिलच्या आत फिरणारी पाती मातीबरोबर बोटेही ओढून घेतात. ती मळलेली माती आणि मांस यांत फरक करत नाहीत. म्हणून यंत्राच्या तोंडावर हात आत जाणार नाही अशी जाळी हवी, माती लोटायला लाकडी दांडा हवा आणि उभ्या जागेवरून दाबता येईल असे बंद करण्याचे लाल बटण हवे. माती अडकली तर बटण बंद करणे पुरेसे नाही, पिन काढून आपल्याजवळ ठेवली पाहिजे. एकाचा हात आत आणि दुसऱ्याने येऊन बटण दाबले, अशानेच माणसे थोटी होतात. पुढे कागदावर कारण लिहिले जाते, 'कामगाराचा हलगर्जीपणा'.

ग्राइंडरचेही तसेच. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेते. मोठी चकती बसावी म्हणून वरचे कव्हर काढून टाकण्याची वाईट खोड आपल्याकडे सर्रास आहे. मोठ्या चकतीला तेवढा वेग सोसत नाही. ती फुटली की तिचे तुकडे सुटतात ते थेट चेहऱ्याकडे. चकतीवर वेगाची मर्यादा छापलेली असते, मुदतही असते. पण ती वाचायला कोणी शिकवले? आणि ज्या भगिनी ड्रिलला पाते लावून ग्लेज ढवळतात, त्यांनी पदर, ओढणी, वेणी आणि बांगड्या आवरूनच यंत्राजवळ जावे. येथे लाजेचा प्रश्न नाही, जिवाचा आहे.

मातीकामात वीज आणि पाणी शेजारी नांदतात, हे सर्वांत धोक्याचे. फरशी ओली, हात ओले, पायाखाली पॅडल आणि वायर चिखलातून गेलेली. मालक अभिमानाने एमसीबी दाखवतो. पण एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. ओल्या हाताला बसणारा झटका ती ओळखत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. गळती झाली की ती क्षणार्धात वीज तोडते. तिच्या जोडीला तीन पिनांचा प्लग, खरीखुरी अर्थिंग आणि जमिनीपासून उंच बसवलेला बोर्ड. हा खर्च एका विजेच्या चाकाच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

झटका निदान कळतो तरी. धूळ कळत नाही. मातीत आणि ग्लेजमध्ये सिलिका असते. ती वर्षानुवर्षे फुप्फुसात साचते आणि सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. खंबातचे अकीक घासणारे आणि मंदसौरचे पाटीच्या पेन्सिली करणारे कामगार या रोगाने गेले. अनेकदा तो क्षय समजला जातो आणि रोगी नुसत्या गोळ्या खात राहतो. म्हणून दवाखान्यात गेल्यावर आपण कोणते काम करतो, हे डॉक्टरांना आधी सांगा. रुमालाने ही धूळ अडत नाही, एन-९५ मास्क लागतो. कोरडा झाडू बंद करून ओल्या फडक्याने जमीन पुसावी. कपड्यांवरची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवणे तर तात्काळ थांबले पाहिजे.

कायदा काय करतो? बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ४८ वर आले. १९४८ च्या कारखाने कायद्याने विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० कामगारांपासून संरक्षण दिले. २०२० च्या नव्या संहितेने ती संख्या २० केली आणि नोव्हेंबर २०२५ पासून ती लागूही झाली. म्हणजे जिथे दोन पोरगे राबतात ती शेड कालही कारखाना नव्हती, आज तर ती त्याहून लांब गेली. तुटलेले बोट कामगारांची संख्या विचारून तुटते काय?

आमची मागणी साधी आहे. सरकारी पैशातून जे चाक, जी पगमिल दिली जाईल, तिच्यासोबत आरसीसीबी, जाळी, चष्मा आणि मास्क दिलाच पाहिजे आणि तो वापरायचे शिक्षण मराठीतून मिळाले पाहिजे. खासगी कार्यशाळांना परवाना देताना नगरपालिकेने मागची शेड आधी पाहावी. तोवर वस्तीवस्तीतल्या कार्यकर्त्यांनी सरकारची वाट पाहू नये. आपल्यात आयटीआय झालेले वायरमन पुष्कळ आहेत. येत्या रविवारी त्यांतल्या एकाला सोबत घ्या, जिथे आपली पोरे कामाला आहेत तिथे जा आणि अर्थिंग तपासून या.