मोजमाप कुणाचे घ्यायचे?

पृथ्वीवर गुरुत्वत्वरण किती, हे तुम्हाला पाठच असेल: सुमारे ९.८ मीटर प्रति वर्ग सेकंद. आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ते एकदा २४.१ भरले! म्हणजे जवळजवळ गुरू ग्रहावर असते तेवढे. लंबक नेहमीचाच होता, लांबी ९९.४ सेंटिमीटर. वीस आंदोलनांचा काळ मोजण्याचे काम मात्र दोन विद्यार्थ्यांनी आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डाकडे सोपवले होते. बोर्ड काळ मोजी, आकडेमोड करी आणि फक्त उत्तर दाखवी. दोरा तपासला, सूत्र तपासले. शेवटी मोजलेला काळच पडद्यावर आणला, तर तो निघाला उणे २५,५१२ मिलिसेकंद! सूत्रात काळाचा वर्ग होतो, त्यामुळे ते उणे चिन्ह कुणाच्या नजरेस पडलेच नव्हते.

या आकड्यात ६५,५३६ मिळवून पाहा. ४०,०२४ येतात, म्हणजे वीस आंदोलनांना चाळीस सेकंद; अगदी बरोबर. ६५,५३६ म्हणजे दोनाचा सोळावा घात. उनोवर ‘इंट’ प्रकारची संख्या दोन बाइट, म्हणजे सोळा बिट, जागा घेते आणि ३२,७६७ च्या पुढे गेली की उलटून उणे होते. तुमच्या लॅपटॉपवर तीच ‘इंट’ चार बाइटांची असते आणि दोनशे कोटींच्याही पुढे मोजते.

आता चूक कुठे झाली ते पाहू. उनोच्या चिपमध्ये आज्ञावली ठेवायला ३२ किलोबाइट आणि चालू कामाला अवघी २ किलोबाइट स्मृती असते. तिथे कंपायलर मावणार कसा? म्हणून आज्ञावली तयार करायची लॅपटॉपवर आणि चालवायची बोर्डावर. याला क्रॉस-कंपायलेशन म्हणतात. त्यासाठी लागणाऱ्या कंपायलर, लिंकर वगैरे हत्यारांचा संच म्हणजे टूलचेन, आणि ती हत्यारे क्रमाने चालवून घेणारी आज्ञावली म्हणजे बिल्ड स्क्रिप्ट.

आमच्या मुलांनी एक शहाणपणा केला होता. ‘इंट’ केवढी हे गृहीत न धरता त्यांची स्क्रिप्ट एक चिमुकली आज्ञावली तयार करून चालवी आणि आलेले माप नोंदवून ठेवी. पण ती तयार होई लॅपटॉपच्या कंपायलरने आणि चाले लॅपटॉपवरच! माप आले चार, आणि बोर्डाची आज्ञावली त्यावर बेतली गेली. शिंप्याने स्वतःची छाती मोजून गिऱ्हाइकाचा सदरा शिवावा, तसे झाले. चूक झाल्याची एक ओळही कुठे उमटली नाही. (सी भाषेत १९९९ पासून ठरावीक रुंदीचे संख्याप्रकार आहेत. ते वापरले असते तर ही वेळ आली नसती, हे खरे. पण स्क्रिप्ट चुकीचीच राहिली असती.)

अनेक स्क्रिप्ट लिहिणारे म्हणतात, ‘तयार झालेली आज्ञावली इथे चालवून पाहू, चालली तर यंत्र तेच, नाही चालली तर दुसरे.’ मला ही कसोटी मान्य नाही. ३२ बिटांच्या इंटेल यंत्रासाठी केलेली आज्ञावली ६४ बिटांच्या लॅपटॉपवर बहुधा सुखेनैव चालते. लिनक्सवर क्यूईएमयू हे नकली यंत्र बसवलेले असले, तर रास्पबेरी पायसाठी केलेली आज्ञावलीसुद्धा मुकाट्याने चालू लागते. उलट, एखादी लायब्ररी सापडली नाही तर स्वतःच्याच यंत्राची आज्ञावलीही चालत नाही.

त्यापेक्षा आपण उघड सांगावे आणि कंपायलरला उघड विचारावे. १९९१ पासून वापरात असलेल्या ऑटोकॉन्फमध्ये ‘बिल्ड’ आणि ‘होस्ट’ अशी दोन नावे देता येतात: पहिले तयार करणाऱ्या यंत्राचे, दुसरे चालवणाऱ्या यंत्राचे. मग ते ‘होस्ट’चे नाव पुढे लावलेला कंपायलर आधी शोधते. तो न सापडल्यास मात्र साधा कंपायलर घेते आणि नुसता इशारा देते. शेकडो ओळींच्या गर्दीत तो इशारा कोण वाचणार? माझ्या मते स्क्रिप्टने तिथेच थांबले पाहिजे. जीसीसीला ‘डम्पमशीन’ या पर्यायाने विचारले, की तो कोणत्या यंत्रासाठी काम करतो ते सांगतो. उनोचा कंपायलर ‘एव्हीआर’ असे उत्तर देतो. विचारायला क्षणही लागत नाही.

आणि आज्ञावली न चालवता ‘इंट’चे माप कसे घ्यायचे? इथली युक्ती मला फार आवडते. एक सारणी लिहायची. ‘इंट’ चार बाइट किंवा अधिक असेल तर तिची लांबी एक, नसेल तर उणे एक. उणे लांबीची सारणी कंपायलर नाकारतो. त्याने नाकारले की ‘इंट’ चाराहून लहान, हे कळले! मग दोनासाठी विचारायचे. तराजूही नेमके वजन सांगत नाही, कोणते पारडे जड तेवढेच सांगतो. वजने बदलत आपण उत्तरापर्यंत पोचतो. ऑटोकॉन्फ असेच करते, आणि त्यासाठी बोर्ड जोडलेला असावाही लागत नाही.

शिक्षकांना एक विनंती. आज अनेक शाळांतल्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये मुले आर्डुइनो हाताळतात. त्याच्या मेनूतून बोर्ड निवडणे म्हणजे नेमके हेच उघड सांगणे होय. आपण ‘उनो निवडा’ म्हणून पुढे जातो. तिथे पाच मिनिटे थांबून हे का करायचे, ते सांगावे. लहान वयात एवढ्या खोलात कशाला, असे काही सहकारी म्हणतात. पण दोन बाइटांत चाळीस हजार का मावत नाहीत, हे नववीच्या मुलाला न समजण्यासारखे काय आहे?

आमच्या मुलांनी स्क्रिप्ट बदलली. बोर्डाचा कंपायलर नसेल तर ती आता कामच सुरू करत नाही. दुसऱ्याच दिवशी एकाच्या लॅपटॉपवर ती अडून बसली आणि तो वैतागला, कारण त्याने तो कंपायलर बसवलाच नव्हता. तो बसवल्यावर लंबक पुन्हा सोडला. वीस आंदोलनांना ४०,०३१ मिलिसेकंद, गुरुत्वत्वरण ९.८०.