भिंती पाडल्या, तोंडं मिटली

सकाळी बोईसर स्टेशनला बायकांच्या डब्यातून उतरणाऱ्यांत तारापूर एमआयडीसीतल्या औषध-रसायन कंपन्यांच्या संशोधन विभागात काम करणाऱ्या मुली असतात. डब्यात त्या भरभरून बोलतात. कुठली रिअ‍ॅक्शन फसली, कुणाच्या कामावर कुणी आपलं नाव घातलं, कोणता साहेब फार जवळ येऊन उभा राहतो. कंपनीत शिरल्या की चिडीचूप!

का? तर तिथे आता ‘ओपन ऑफिस’ आलंय. संवाद वाढावा म्हणून भिंती काढल्या, एका लांब हॉलमध्ये टेबलांच्या रांगा लावल्या. साहेबांची केबिन मात्र शाबूत.

संवाद खरंच वाढतो? हार्वर्डच्या बर्नस्टीन आणि टर्बन यांनी दोन बड्या कंपन्यांत असा बदल होण्याआधी आणि नंतर मोजमाप केलं. २०१८ साली ते छापून आलं. समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं होतं, ईमेल वाढले होते. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या एका कार्यालयाचा अभ्यास आला. तिथल्या बायकांना सतत कुणीतरी आपल्याला न्याहाळतंय असं वाटत होतं.

आपल्याला यात नवल काय? भरल्या अंगणात सून कधी मोकळी बोलली? ती बोलली पाणवठ्यावर, सासूच्या कानाआड.

वर्षाच्या करारावरची मुलगी चाळीस जणांच्या देखत ‘माझं चुकलं, समजावून सांगा’ म्हणेल? ती गप्प बसेल. रसायनांच्या कामात लपलेली चूक जिवावर बेतते. जानेवारी २०२० चा स्फोट पाहिलेल्या तारापूरला हे वेगळं सांगायला नको.

जुनी केबिनशाही आम्हाला परत नको. बंद दाराआडचा छळही आपण सोसलाय. आमचं भांडण आहे ते दाराची कडी कुणाच्या हातात, यावर.

लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसांच्या कामाच्या जागी अंतर्गत समिती बंधनकारक आहे, तक्रार गुप्त ठेवणंही. पण समितीच्या बाईंचं टेबलच हॉलच्या मधोमध असेल, तर त्यांच्याकडे कोण गेली हे सगळ्यांनाच दिसणार!

म्हणून मागण्या साध्या आहेत. आतून कडी लावता येईल अशी, काचेची नसलेली एक खोली द्या. तक्रार ऐकायला नजरेआड जागा द्या. टेबलं मांडण्याआधी तिथे बसणाऱ्या बायकांना विचारा.

पालघर-बोईसरच्या मैत्रिणींनो, डब्यातलं बोलणं डब्यातच विरू द्यायचं नाही. ते लिहून काढू या, सह्या करू या आणि एकत्र जाऊन त्या शाबूत केबिनचं दार वाजवू या!