बोट दुखले म्हणजे रियाज झाला?

सावेडीतला एक कॉलेजकुमार गेल्या महिन्यात दवाखान्यात आला. डाव्या हाताची अनामिका सकाळी उठल्यावर मिटलेलीच असते आणि उघडताना खट्कन सुटते, ही तक्रार. चौकशीत कळले, स्वारी गिटार शिकते आहे. एकाच तारेवर 'पुल-ऑफ' घोटायचे, रोज सलग दोन तास. "दुखतंय म्हणजे बोट तयार होतंय," असे मित्रांनी त्याला सांगितले होते.

पुल-ऑफमध्ये दाबलेले बोट नुसते उचलायचे नसते. निघताना त्याने तार किंचित ओढून सोडायची, म्हणजे मागच्या पडद्यावर आधीच ठेवलेल्या बोटाचा खालचा स्वर वाजतो. सतारवादक यालाच क्रिंतन म्हणतात. तेव्हा हे परदेशी खूळ आहे, असे म्हणणाऱ्या पालकांशी मी सहमत नाही. माझे भांडण घोटण्याच्या रीतीशी आहे.

वाचकहो, बोट वाकवणारे मोठे स्नायू बोटात नसतात, ते कोपराखालच्या हातात असतात. तिथून कंडरा दोरीसारख्या निघतात आणि बोटाच्या मुळाशी अरुंद नळीतून पुढे जातात. अंगठ्याने गिटारची मान आवळून तीच ओढ शेकडो वेळा दिली, की नळी सुजते आणि कंडरा तिथे अडकते. मधुमेह्यांत हा त्रास अधिक दिसतो, म्हणून पन्नाशीत हौस म्हणून गिटार घेणाऱ्यांनी जास्त सांभाळावे.

तारेने बोटाच्या टोकाला पडणारे घट्टे ही निराळी गोष्ट. कातडीची ती आग काही आठवड्यांत जाते, ती थोडी सोसावी. पण तळहातात बोटाच्या मुळाशी किंवा मनगटात दुखले, तर वाद्य खाली ठेवावे. अंगठा व शेजारच्या दोन बोटांना मुंग्या आल्या तर मनगटात नस दाबली जात असेल. करंगळीला आल्या तर बहुधा कोपरात. मलमे चोळत बसू नये, दाखवून घ्यावे.

जर्मन संगीतकार शुमान याच्या उजव्या हाताचे मधले बोट 1830 नंतरच्या काळात निकामी झाले. बोटांच्या सरावासाठी तो एक यंत्रही वापरत असे. कारणाबद्दल आजही वाद आहे, पण पियानोवादक होण्याचे स्वप्न सुटले ते सुटलेच.

निम्मा दोष मी स्वस्त गिटारला देतो. तारा पडद्यांपासून फार उंच असल्या तर दुप्पट जोर लागतो. जाणकाराकडून त्या खाली करून घ्याव्यात. सुरुवात पाचव्या-सातव्या पडद्यापाशी करावी, तिथे पडदे जवळ असल्याने बोटे कमी ताणतात. खालच्या स्वराचे बोट आधी बसवावे, मगच वरचे ओढावे. दहा मिनिटे झाली की हात सोडून बसावे. आणि नगरच्या डिसेंबरातल्या पहाटे गारठलेल्या बोटांनी तारेला हात लावू नये, आधी ती कोमट पाण्यात शेकावीत. एवढे साधे कोणी शिकवत का नाही, कळत नाही.

त्या मुलाला तीन आठवडे विश्रांती आणि रात्री बोटाला पट्टी दिली आहे. सुटले नाही तर इंजेक्शन, क्वचित छोटी शस्त्रक्रिया. तो नाराज होऊन गेला. गॅदरिंगला आता तो फक्त गाणार आहे, गिटार मित्र वाजवेल.