दुसऱ्या प्रतलाचा हिशेब

तीन फेजच्या मोटरीवर ज्यांची उमेदवारी झाली, त्यांच्या हाती पाच फेजचा इन्व्हर्टर आला म्हणजे पहिला विचार असा येतो की, स्पेस व्हेक्टरची जुनी रीतच दोन लेग वाढवून येथे रुजू करावी. आणि हा विचार इतका साहजिक आहे की, त्यात काही धोका असेल अशी शंका सहसा कोणाला येत नाही. वॉर्ड आणि हेरर यांनी पाच फेजच्या मोटरीचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध केला. आज ब्रिटिश नौदलाच्या टाइप ४५ विनाशिकांवर २० मेगावॉटच्या पंधरा फेजच्या मोटरी चालतात. तरीही मॉड्युलेशनविषयीचा हा गैरसमज कायम आहे.

पाच लेगच्या बत्तीस अवस्थांपैकी दोन शून्य आणि तीस सक्रिय. या तीस सदिशांची छाया एकाच वेळी दोन प्रतलांत पडते. पहिल्या प्रतलातून टॉर्क मिळतो. वितरित वाइंडिंगच्या मोटरीत दुसऱ्यातून काहीच मिळत नाही, केवळ तांबे तापते. डीसी व्होल्टेजच्या ०.६४७ पट लांबीचा जो मोठा सदिश पहिल्या प्रतलात दिसतो, तोच दुसऱ्यात ०.२४७ पट उरतो, ०.४ पटीचा मधला सदिश मात्र दोन्हीकडे तेवढाच राहतो, फक्त दुसऱ्या प्रतलात त्याची दिशा मोठ्याच्या उलट असते. म्हणून मोठ्याला १.६१८ आणि मधल्याला १ या प्रमाणात वेळ वाटून दिला, तर दुसऱ्या प्रतलाची सरासरी शून्यावर येते. हे प्रमाण सुवर्णगुणोत्तराचे निघावे, याचे आम्हाला इतक्या वर्षांनंतरही कौतुक वाटते.

जुन्या सवयीने केवळ दोन मोठे सदिश वापरणाऱ्यास मूलभूत व्होल्टेज ०.५२६ ऐवजी ०.६१६ पटीपर्यंत, म्हणजे सुमारे सतरा टक्के अधिक मिळते खरे. परंतु त्या लाभाची वसुली तिसरा आणि सातवा हार्मोनिक दुसऱ्या प्रतलातून करतात, आणि तेथे त्यांना अडवायला स्टेटरचा रोध व गळतीचे इंडक्टन्स यांवाचून कोणी नसते. साध्या साइन संदर्भावर कॅरियर चालवून त्यात कमाल-किमान सरासरीचे इंजेक्शन दिले, तर ०.५२६ ची मर्यादाही गाठता येते आणि दुसरे प्रतलही शांत राहते. मग बहुतेकांनी ती सुगम वाट का सोडावी, हे आम्हास उमगत नाही.

मॉड्युलेशन निर्दोष असले तरी डेड टाइमचा मामला उरतोच. समजा, डीसी ६०० व्होल्ट, स्विचिंग १० किलोहर्ट्झ आणि डेड टाइम २ मायक्रोसेकंद आहे; प्रत्येक लेगवर सरासरी १२ व्होल्टची चूक प्रवाहाच्या दिशेनुसार चौकोनी लाटेसारखी बदलते, आणि तिच्या तिसऱ्या हार्मोनिकचे शिखर सुमारे ५ व्होल्ट भरते. तीन फेजच्या तारा-जोडणीत हा हार्मोनिक न्यूट्रल अलग असल्यामुळे अडकून पडतो. पाच फेजमध्ये मात्र तो थेट दुसऱ्या प्रतलात शिरतो. रोध ०.५ ओहम, गळती ३ मिलिहेन्री आणि मोटर ५ हर्ट्झवर असेल, तर पहिल्या अंदाजाने जवळजवळ ९ अँपिअरचा निरुपयोगी प्रवाह वाहील. त्याचा बंदोबस्त मॉड्युलेटरकडून होणार नाही. दुसऱ्या प्रतलासाठी स्वतंत्र प्रवाह-नियंत्रक आणि तिसऱ्या हार्मोनिकवर जुळवलेला रेझोनंट भाग हवा.

म्हणून आमच्या लेखकांस विनंती आहे की, यापुढे नव्या मॉड्युलेशन पद्धतीचा लेख पाठविताना केवळ लाइन व्होल्टेजचा आलेख न धाडता बिनभाराच्या, मंदगतीच्या मोटरीतील फेज प्रवाहाची नोंद अवश्य जोडावी, आणि डेड टाइम किती ठेवला होता तेही लिहावे.