दाढ काढण्याआधी हाडाचा विचार करा

वस्तीत दाढ दुखली की औषध एकच : काढून टाका. एका दिवसाचा रोज बुडतो, दुखणे थांबते. पण दाढ गेली की तिला धरून ठेवणारे हाडही झिजू लागते, आणि ही झीज पहिल्या वर्षातच सर्वांत जास्त होते. वरच्या जबड्यात आणखी एक अडचण आहे. मागच्या दाढांच्या वर सायनसची पोकळी असते. दाढा गेल्यावर ती खाली पसरते. हाड खालून झिजते, वरून पोकळी उतरते; मध्ये कधी चार-पाच मिलिमीटरच हाड उरते. इम्प्लांटचा स्क्रू साधारण दहा मिलिमीटरचा. तो रुतणार कशात?

म्हणून डॉक्टर सांगतात, आधी बोन ग्राफ्ट. सायनसचे नाजूक अस्तर अलगद वर उचलून खालच्या जागेत हाडाची पूड भरतात. ती रुग्णाच्याच हाडाची, दान केलेल्या मानवी हाडाची, जनावराच्या हाडावर प्रक्रिया केलेली किंवा कृत्रिम असते. कोणती भरणार, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे, आणि तो आधीच वापरावा. नवे हाड धरायला सहा-एक महिने जातात. तोवर नाक जोरात शिंकरायचे नाही, असे सुरुवातीचे काही आठवडे बजावतात.

ही लुबाडणूक आहे असे आम्ही म्हणत नाही. बॉइन आणि जेम्स यांनी १९८० साली ही शस्त्रक्रिया शोधनिबंधात मांडली, आज ती रोजची झाली आहे. आमचे म्हणणे एवढेच की खर्च मोठा आहे, आणि ब्रिज किंवा कवळीनेही भाकरी चावता येते. दातासाठी सावकाराचे व्याज अंगावर घेऊ नये.

शिवाय तंबाखू सुटत नसेल, साखर आटोक्यात नसेल, तर घातलेले पैसे वाया जाण्याचा धोका वाढतो. आमच्या आयाबहिणींची मिश्रीही तंबाखूच आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. टपरीवाल्यांना ती अजून कळलेली दिसत नाही.

खरी बचत दाढ वाचवण्यात आहे. रूट कॅनल होण्यासारखी असेल तर काढू नका. मुंबईत नायरचे दंत महाविद्यालय आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तिथे खर्च खासगीपेक्षा बराच कमी येतो. रांग मोठी असते, केसपेपर काढायला सकाळी लवकर जावे.